मोतीचा डोळा आणि दिवाणाखालच्या गोळ्या

डॉक्टर, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. आमचा मोती कारवानी जातीचा, चार वर्षांचा, २२ किलोचा. मुलाने हौसेने आणला, मुलगा नोकरीला पुण्यात गेला आणि मोती माझ्याकडे राहिला. मागच्या रविवारी मंगळवेढ्याकडे भावाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. तिथे तो ज्वारीतून नुसता उधळला आणि संध्याकाळी उजवा डोळा मिटूनच बसला. डोळ्यातून सारखं पाणी. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब फ्रीजमध्ये होते, ते सोमवार-मंगळवार घातले. बुधवारी डोळ्यावर पांढरा ठिपका दिसला. शेजारचे म्हणाले, "काकू, मोतीबिंदू झालाय की ओ त्याला." घाबरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात रंग घालून बघितला, जखम आहे म्हणाले. तीन प्रकारचे थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ डॉक्सिसायक्लिनची गोळी, दुखण्यावर वेगळी गोळी आणि गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. नरसाळं त्याने दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. एका बाटलीतला थेंब घातला की तोंडाला फेस येतो, मला वाटलं पिसाळला की काय. गोळ्यांचं तर विचारूच नका. डॉक्सिसायक्लिनची एक गोळी दुधात चुरून दिली, तर त्याने दूधच सोडलं. मुलगा फोनवर म्हणाला पीनट बटरमध्ये दे. ते घरात नव्हतं, म्हणून शेंगा चटणीत गुंडाळून दिली. बुधवार रात्रीपासून आज शनिवार सकाळपर्यंत त्याच्या सहा गोळ्या झाल्या असं मी धरून चालले होते. आज झाडताना दिवाणाखाली चार सापडल्या. आता मी दिसले की मोतीच दिवाणाखाली जातो. मिस्टर सकाळी आठला जातात ते रात्री येतात, घरात मी आणि सासूबाई. त्याचा डोळा जाईल का? आणि माझ्यावरचा त्याचा विश्वास?

— मोतीची आई

ताई, पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: फ्रीजमधली ती बाटली कचऱ्यात टाका, आणि सोमवारी उघडताच दवाखाना गाठून डोळा पुन्हा दाखवा. डोळ्याची जखम सदराच्या वाराची वाट बघत बसत नाही. आता जरा बैजवार लिहितो, कारण हुरड्याचे दिवस आले की अशी पत्रं मला दरवर्षी येतात, आणि बऱ्याच पत्रांत ती फ्रीजमधली बाटली असतेच.

आधी शेजाऱ्यांचं निकालात काढू. कुत्र्याचं नाव मोती असलं तरी त्याला झालाय तो मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू बाहुलीच्या मागे, आतल्या भिंगात होतो. तो बहुधा सावकाश वाढतो आणि नुसत्या मोतीबिंदूने कुत्रा डोळा मिटून बसत नाही. मोतीची जखम आहे सगळ्यात पुढच्या पारदर्शक काचेवर. बैलाच्या डोळ्यात असा पांढरा डाग आला की आपल्याकडे "फूल पडलं" म्हणतात. पशुसंवर्धन खात्यातल्या नोकरीत असे किती बैल पाहिले त्याची मोजदाद नाही. कुणी त्यात मीठ फुंकलेलं असायचं, कुणी तंबाखूचं पाणी सोडलेलं असायचं. तुम्ही निदान थेंब तरी घातलेत.

ही काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत म्हणून ती आरपार दिसते, पण संवेदनेच्या नसांचं जाळं मात्र इतकं दाट की वरवरचा ओरखडाही कुत्र्याला जेवू देत नाही. ज्वारीच्या पानाची धार तुम्हाला माहीत आहे, कापणीला गेलेल्या बाईच्या हातावर बघा. त्या पानांतून कारवानी कुत्रा ससा दिसल्यासारखा पळाला तर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी घातला तो रंग फ्लुरेसिनचा. धड कातडीवर तो टिकत नाही, धुऊन जातो. जिथे वरचा पापुद्रा सोलला आहे तिथेच धरून बसतो, आणि निळ्या उजेडात तेवढी जागा पोपटी हिरवी चमकते. तुमच्या डॉक्टरांनी ही तपासणी आधी केली, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट.

आता सासूबाईंची बाटली. त्यांना कृपा करून बोल लावू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज उतरावी म्हणून बहुतेकांना अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यांचे थेंब देतात, आणि त्यांच्या डोळ्यासाठी ते बरोबरच होते. पण उघड्या जखमेवर स्टेरॉइड पडलं की नवा पापुद्रा धरायला उशीर होतो, जंतूंना रान मोकळं मिळतं, आणि काचेचा थर विरघळवणाऱ्या द्रव्यांना आवर राहत नाही. मग जखमेच्या कडा शिजलेल्या साबुदाण्यासारख्या बुळबुळीत दिसू लागतात. त्या टप्प्यावर एका रात्रीत डोळा फुटू शकतो. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन असं शेवटी "सोन" किंवा "लोन" आलं की ते स्टेरॉइड समजा. ही ढोबळ खूण आहे, लोटेप्रेडनॉलसारखं एखादं तिच्यातून निसटतं. म्हणून सोपा नियम असा की रंग घालून बघितल्याशिवाय कुठल्याही डोळ्यात उरलेली बाटली रिकामी करायची नाही. शिवाय डोळ्याच्या थेंबांची बाटली एकदा फोडली की साधारण चार आठवड्यांनी टाकायचीच असते, फ्रीजमध्ये असली तरी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला, एका तालुक्याच्या दवाखान्यात, राखणीच्या कुत्र्याच्या लाल डोळ्यात असं मिश्र मलम मीच घातलं होतं. रंगाच्या पट्ट्या संपल्या होत्या. मागवून दोन दिवस थांबायला हवं होतं, थांबलो नाही. आठवड्याने मालक परत आला तेव्हा वाचवण्यासारखा डोळा उरला नव्हता. तो एका शब्दाने बोलला नाही, उलट जाताना टेबलावर पिशवीभर बोरं ठेवून गेला. ती बोरं मला खाता आली नाहीत.

तुमच्याकडून दोनच दिवस ते थेंब गेले आणि तिसऱ्या दिवशी बंद झाले. डॉक्टरांना हे सांगितलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. सोमवारी बाटलीचं खोकं सोबत न्या आणि सांगा. आणखी एक विचारा: तिसरी पापणी उचलून बघितली का? कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक जास्तीची पापणी असते. तिच्या मागे गवताचं कुसळ अडकलं तर ते प्रत्येक उघडझापेला काच खरवडत राहतं, आणि तुम्ही जगातले महागडे थेंब घातलेत तरी जखम भरत नाही. भूल देणारा थेंब टाकून डॉक्टर ते चिमट्याने काढतात. तो भुलीचा थेंब मात्र घरी मागून घेऊ नका. दुखणं थांबतं तसं जखमेचं भरणंही थांबतं.

थेंब घालण्याची रीत सांगतो. तुम्ही एकट्या आहात, म्हणजे हात दोनच, आणि समोरून बाटली येताना दिसली की कुठलाही कुत्रा मागे सरकणारच. म्हणून मागे जायला जागाच ठेवायची नाही. भिंतीच्या कोपऱ्यात सतरंजी टाका, त्याचं ढुंगण कोपऱ्याकडे करून त्याला बसवा आणि तुम्ही त्याच्या शेजारी, तोंड त्याच्याच दिशेला करून गुडघ्यावर बसा. डावा हात हनुवटीखाली, नाक छताकडे. उजव्या हातात बाटली, पण तो हात त्याच्या डोक्याच्या मागून वर आणायचा. तळहाताची कड कपाळावर टेकवा आणि तिनेच वरची पापणी किंचित मागे ओढा. हात डोक्याला टेकलेला असला की डोकं हललं तर हातही त्याच्याबरोबर हलतो आणि बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. वर जो पांढरा भाग दिसेल त्यावर एक थेंब. एकच. दुसरा गालावरून ओघळतो, त्याचे पैसे तेवढे जातात. टोक पापणीला लागू देऊ नका.

तिन्ही बाटल्या पाठोपाठ ओतल्या की दुसरी पहिलीला धुऊन काढते. आधी पातळ अँटिबायोटिक, मग फेसवाले, शेवटी तो दाटसर ओलाव्याचा थेंब, आणि प्रत्येकाच्या मध्ये पाच ते दहा मिनिटं. दोन-तीन भाकऱ्या थापून होतात तेवढा वेळ. थेंबाआधी डोळ्याच्या कडेची घाण सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. मलमलीचा धुतलेला तुकडा घ्या, दर वेळी नवा. गुलाबपाणी, तूप, मध, तुरटी, हळद यांतलं काहीही नको, सल्ला देणारं माणूस कितीही मोठं असो.

फेसाचं सांगतो, कारण त्या एका गोष्टीने तुमची झोप उडालेली दिसते. ते अ‍ॅट्रोपिन असणार. जखमेमुळे डोळ्याच्या आतले स्नायू आवळून ठणकतात, ते ढिले करायला हा थेंब देतात. महादेवाला आपण धोतरा वाहतो ना, त्यात हेच द्रव्य असतं. चवीला जहर कडू. डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात उतरायला एक बारीक नळी असते, त्या वाटेने ते जिभेवर येतं आणि कुत्रा फेस काढतो. थेंबानंतर काही मिनिटांत येणारा आणि आपोआप थांबणारा फेस हा कडवटपणाचाच. रेबीजची लस दरवर्षीची झाली आहे ना, तेवढं कार्डावर बघून ठेवा म्हणजे मनातली ती पाल चुकचुकणार नाही. थेंब झाला की लगेच खायला काहीतरी द्या. या औषधाने बाहुली मोठी होते आणि बरेच दिवस तशीच राहते. आपल्याकडचं ऊन फेब्रुवारीतच कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा फिरवणं पहाटे आणि अंधार पडल्यावर. आणि हात धुवा. तेच बोट तुमच्या डोळ्याला लागलं तर तुमचीही बाहुली मोठी होईल आणि दिवसभर पेपर वाचता येणार नाही.

नरसाळ्याबद्दल मोतीची बाजू मी घेतो. ते बनतं रुंद डोक्याच्या कुत्र्यांसाठी. कारवानीचं डोकं निमुळतं आणि मान जवळजवळ तेवढीच जाड, त्यामुळे दोन हिसक्यांत ते कानांवरून सुटतं. नरसाळ्याच्या खालच्या कडेला भोकं किंवा आकडे असतात, त्यांतून गॉजची पट्टी ओवा आणि ती छातीच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी बांधा. माप असं की पट्टी आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, आणि पुढची कड नाकाच्या टोकाच्या दोन इंच पुढे यावी. दुकानातलं लांबीला पुरत नसेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून, कडांना चिकटपट्टी लावून आम्ही वर्षानुवर्षं नरसाळी केली आहेत. हलकी होतात आणि कुत्र्याला त्यातून थोडं दिसतंही. घरातला टॉवेल गुंडाळून गळ्यात कडं करू नका. जाडजूड सोलापुरी टॉवेल असला तरी लांब नाकाच्या कुत्र्याचा पंजा त्याच्यावरून सहज डोळ्यापर्यंत जातो. उजव्या पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला जे सुटं नख असतं, खरा गुन्हेगार तोच. त्यावर बाळाचा मोजा चढवा आणि वरून सैलसर पट्टी. आणि हे दिवस गळपट्ट्याला साखळी नको. मानेवर ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो. छातीचा पट्टाच वापरा.

आता गोळ्या.

दुधातली गोळी दोन कारणांनी फुकट गेली. डॉक्सिसायक्लिनला दुधातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे औषध पोटात गेलं तरी अंगाला कमी लागतं. दही, पनीर, खवा, पेढा यांचंही तेच. आणि चुरलेली गोळी इतकी कडू की कुत्रा गोळीवर नाही, दुधावर राग धरतो. हेच जेवणात कालवलं असतंत तर आज तो जेवतही नसता. गोळी चुरायची तर आधी डॉक्टरांना विचारून. काही गोळ्यांवर आतड्यात जाऊनच विरघळावं म्हणून मुद्दाम लेप दिलेला असतो, तो चुरल्यावर गोळीला अर्थ राहत नाही.

शेंगा चटणीचं वाचून मी आधी हसलो आणि मग बिचाऱ्या मोतीची दया आली. पीनट बटर म्हणजे शेंगाच, हा तुमचा हिशेब सोलापुरी माणसाला शोभेल असाच आहे. पण आपल्या चटणीत लाल तिखट आणि लसूण. तिखटाने तोंड भाजलं आणि त्याने ठरवलं की तुमच्या हातचा शेंगाचा वास म्हणजे दगा. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका घासाने काही होत नाही, पण सवय नको. विकतच्या बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असू शकते आणि ती कुत्र्यासाठी विषच आहे, तेव्हा मुलालाही हे सांगा.

तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते पत्रात नाही, म्हणून दोन्ही सांगतो. घरात चालत असेल तर कोंबडीच्या उकडलेल्या काळजाचा तुकडा, त्याच्यापुढे बाकी सगळं फिकं. चालत नसेल तर भाजलेल्या शेंगांचं बारीक कूट, चिमूटभर गूळ आणि पाण्याचा हात लावून सुपारीएवढे तीन लाडू वळा. मीठ नाही, तिखट नाही. एकात गोळी, पण ती ठेवताना हात बदला. ज्या बोटांनी गोळी फोडली त्याच बोटांनी लाडू वळला तर कडू वास बाहेरून लागतो आणि त्याचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे. पहिला लाडू साधा द्या, तो विश्वासाचा. दुसरा गोळीचा, आणि दुसरा तोंडात जातो न जातो तोच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या हावेपोटी तो दुसरा न चावता गिळतो. सगळी करामत त्या तिसऱ्या लाडवात आहे. तो उशिरा आला तर कुत्रा चावत बसतो, आणि मग पुन्हा दिवाण.

हेही फसलं तर हाताने. तोच कोपरा, तीच सतरंजी. डाव्या हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागे, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला असा धरा. ओठ त्याच्याच दातांवर आत दुमडा, म्हणजे मिटताना त्याचा ओठ आधी चिमटतो आणि तो चावत नाही. नाक वर केलं की खालचा जबडा आपसूक सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत गोळी धरून मधल्या बोटाने खालचे पुढचे दात दाबा आणि गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर, मध्यावर ठेवा. टोकाला किंवा कडेला ठेवली तर ती परत आलीच म्हणून समजा. तोंड मिटा, नाक जमिनीला समांतर आणा, कारण मान ताणलेली असेल तर गिळता येत नाही. घशावरून हलका हात फिरवा. जिभेने नाक चाटलं की गोळी गेली. चाटेपर्यंत सोडायचं नाही, आणि सोडल्यावर दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहायचं. गालफडात गोळी लपवून शहाण्यासारखा चेहरा करण्यात ही मंडळी पटाईत असतात. तोंड उघडताना तो गुरगुरला तर तिथेच थांबा. दुखणारा कुत्रा घरच्यालाही चावतो. झटापटीत नरसाळं डोळ्यावर दाबलं जाणं गोळी चुकण्यापेक्षा वाईट.

डॉक्सिसायक्लिन कोरडी देऊन सोडून देऊ नका. ती अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. जेवणानंतर द्या आणि मागोमाग पाच-दहा मिलिलिटर पाणी बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या पिशवीत, थोडं थोडं. सरळ घशात पिचकारी मारलीत तर ठसका लागून पाणी फुप्फुसात जाईल. मग दहा मिनिटं अंगणात चालवा, लगेच आडवा होऊ देऊ नका.

दुखण्याची गोळीही भरल्या पोटी. ती चालू असताना उलट्या, काळी शी किंवा जेवणावरची वासना उडालेली दिसली तर पुढची देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. घरातली माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सगळ्यांना हीच बंदी. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे. ती बंदी हे औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन मरणाऱ्या गिधाडांमुळे आली, पण कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडालाही ते सोसत नाही.

डोळा जाईल का, याचं उत्तर मी पत्रावरून देऊ शकत नाही, पण काय बघायचं ते सांगतो. वरवरची जखम साधारण पाच ते सात दिवसांत भरते. रोज एकाच वेळी, एकाच खिडकीशी मोबाइलवर फोटो काढा. डोळा आधीपेक्षा जास्त उघडतोय का, हे सगळ्यात महत्त्वाचं. जखम खोल असेल तर काही दिवसांनी पांढऱ्याच्या कडेकडून लाल रेषा जखमेकडे सरकताना दिसतील, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. लोक त्या बघून घाबरतात, पण त्या डागडुजीचं सामान घेऊन येणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. भरल्यावर फिकट पांढरा वण राहील, तो महिन्यांनी आणखी फिका होतो. नजरेला फारशी अडचण येत नाही.

मात्र पिवळी-हिरवी घाण येऊ लागली, जखमेच्या मध्ये खोल खड्डा किंवा काळपट ठिपका दिसला, कडा बुळबुळीत झाल्या, डोळ्याच्या आत रक्त दिसलं किंवा एकदम भसकन पाणी आलं, तर सकाळची वाट बघू नका. त्या वेळी डोळा दाबायचा नाही, पुसायचा नाही, नरसाळं घालून गाडीत बसायचं. मांजराच्या नखाने झालेली जखमही याच घाईतली समजा, ती दिसते बारीक आणि असते खोल. शिवणाचं किंवा झाकणीचं काम लागलं तर तुमचे डॉक्टरच पुढे पाठवतील. पुण्यात डोळ्यांचं काम करणारे पशुवैद्य आहेत, शिरवळ आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रिया विभाग आहेत. आणि सात दिवसांनंतरही जखम तशीच असेल तर थेंब बदलून मागू नका, कारण शोधायला सांगा: कुसळ, आत वळलेला केस, किंवा डोळ्यात पाणीच कमी. पाणी मोजायची कागदाची पट्टी असते. मिनिटाला १५ मिलिमीटर भिजली तर ठीक, १० च्या खाली आली तर डोळा कोरडा.

विश्वासाचं आता. मोती तुमच्यावर रुसलेला नाही, त्याने फक्त एक हिशेब मांडलाय: या बाई जवळ आल्या की डोळ्यात कडू, तोंडात तिखट. तो हिशेब बदलायला दिवाणापासून सुरुवात करा. दिवाणाखाली हात घालून त्याला ओढून काढू नका, एकदाही नाही. ती त्याची जागा, तिथे औषध येणार नाही, हे त्याला कळू द्या. औषध फक्त त्या सतरंजीवर. सतरंजी घातली की औषध, उचलली की संपलं. दिवसातून चार-पाच वेळा उगाचच त्याच्याजवळ जा, कानामागे खाजवा आणि निघून या, हातात काही न घेता. सासूबाईंना कोपऱ्याजवळ खुर्ची द्या आणि लाडवांची वाटी त्यांच्या मांडीवर ठेवा. तुम्ही थेंब घालायचा, त्यांनी लगेच तुकडा द्यायचा. बाटलीवरून त्यांच्या मनाला लागलं असेल तर तेही उतरेल, आणि मोती पुढच्या आठवड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकून स्वतःच येऊन बसला तर नवल नको. थेंब आणि गोळ्यांची नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकोनात करा. थेंबाला टिंब, गोळीला रेघ. रात्री मिस्टर आले की त्यांनाही कळेल काय राहिलं.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा. सहा गोळ्या घेऊनही फरक नाही असं ऐकलं तर ते उद्या औषध बदलतील, जास्त कडक देतील, आणि दोष मात्र पहिल्या औषधाचा नव्हताच. तुमच्याच हिशेबाने सहांतल्या चार दिवाणाखाली सापडल्या, एक दुधात गेली. उरली एक. ती मोतीच्या पोटात असेल असं तुम्ही समजताय, पण मी एवढी वर्षं कुत्र्यांबरोबर काढली आहेत. दिवाण भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि मागच्या पायाशी एकदा बघा.